दुसऱ्याची करंगळी

पुष्कर दळवीनं अठरा वर्षं स्टंपांमागे उकिडवं बसून काढली. त्यातली जवळजवळ सगळी अशा मैदानांवर गेली, जिथे कुत्री फिरवायला आलेले चार लोक आणि गाडीत बसून पेपर वाचणारे त्याचे वडील, एवढाच प्रेक्षकवर्ग असायचा.

इंग्लंडमध्ये प्रत्येक काउंटीचे दोन संघ असतात. पहिला मोठ्या मैदानावर खेळतो, त्याच्या बातम्या येतात. दुसरा कधी एखाद्या शाळेच्या मैदानावर, कधी बेसिंगस्टोकच्या क्लबवर खेळतो आणि वाट बघतो. वर कुणी जायबंदी झालं की खालून एकाला बोलावणं येतं. फलंदाज सहा असतात, गोलंदाज चार-पाच असतात, त्यांच्यात कुणाचा ना कुणाचा स्नायू दुखावतोच. विकेटकीपर मात्र एकच असतो. तो धडधाकट राहिला तर खालचा कीपर खालीच राहतो.

ग्रेग हॉलम धडधाकट होता.

दोघं पंधरा वर्षांचे असताना एकाच निवड-शिबिरात आले होते. शिबिर घेणाऱ्या म्हाताऱ्या कोचनं तेव्हा पुष्करच्या वडिलांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, "तुमच्या मुलाच्या हातात चेंडू जातो तेव्हा आवाजच येत नाही. असे हात मी तीस वर्षांत दोनदा पाहिलेत." डॉ. शशिकांत दळवी हे लंडनजवळच्या वॉटफर्डचे भूलतज्ज्ञ, मूळचे मिरजेचे. पोरानं डॉक्टर व्हावं अशी त्यांची फार इच्छा होती. या एका वाक्यासाठी त्यांनी ती सोडून दिली. पण ग्रेगची बॅट पुष्करपेक्षा चांगली चालायची, आणि कीपर निवडताना आजकाल आधी बॅट बघतात. विसाव्या वर्षी ग्रेग वर गेला. पुष्करला वाटलं, एक-दोन सीझनचा प्रश्न आहे.

आता दोघंही तेहतीस वर्षांचे होते.

ग्रेग माणूस वाईट असता तर पुष्करला बरं वाटलं असतं. पण तो चांगला होता. पुष्करच्या लग्नाला तो फेटा बांधून आला, चार पुरणपोळ्या खाल्ल्या, आणि पुष्करच्या आईला रेसिपी विचारली. भेटला की आधी घरच्यांची चौकशी करायचा. पत्रकारांसमोर म्हणायचा, "या काउंटीतला सगळ्यात चांगला कीपर मी नाही, तो दुसऱ्या संघात आहे." हे वाक्य त्यानं पहिल्यांदा म्हटलं तेव्हा पुष्करला आनंद झाला होता. पाचव्यांदा म्हटलं तेव्हा त्याच्या पोटात काहीतरी करपल्यासारखं झालं. वर बसलेल्या माणसाला मोठेपणा परवडतो, असं त्याला वाटलं.

तो रोज ग्रेगचा स्कोअर बघायचा. जेवताना, ट्रेनमध्ये, बायकोच्या मामेबहिणीच्या डोहाळजेवणात, कुठेही. ग्रेगनं कॅच सोडला की त्याचा दिवस चांगला जायचा. गाडी चालवताना तो गुणगुणायला लागायचा, आणि आपण का गुणगुणतोय हे लक्षात आलं की रेडिओ लावायचा. एकदा बाउन्सर स्टंपांजवळ उसळून ग्रेगच्या गळ्यावर बसला, मॅच दहा मिनिटं थांबली. ते मोबाइलवर वाचलं तेव्हा पुष्करनं आधी किटबॅग उघडून आपले पांढरे कपडे धुतलेले आहेत का ते बघितलं, आणि मग ग्रेगला 'ठीक आहेस ना?' असा मेसेज पाठवला. खेळ संपताच ग्रेगचं उत्तर आलं, 'ठणठणीत. काळजी करू नकोस मित्रा.'

इतक्या वर्षांत एकदाच बोलावणं आलं. ग्रेगची बायको बाळंत झाली होती. पुष्कर उत्तरेला गेला, वडीलही मागोमाग ट्रेननं गेले. चार दिवस पाऊस पडला. टॉसदेखील झाला नाही. नोंदवहीच्या हिशेबानं तो सामना खेळलाच गेला नव्हता, त्यामुळे पुष्करही खेळला नव्हता.

जूनमध्ये एका मंगळवारी दोन्ही संघांचा सराव मुख्य मैदानावर एकत्र होता. पुष्कर आपला सराव संपवून पाणी पीत उभा होता. समोर ग्रेग चेंडू घेत होता. बाकी कुणाला काही दिसलं नसतं, पण पुष्कर अठरा वर्षं दुसरं काही बघत आला नव्हता. ग्रेगची डाव्या हाताची बोटं नेहमीसारखी खाली नव्हती, बाहेरच्या बाजूला वळलेली होती. तो प्रत्येक चेंडू उजव्या तळव्यात घेत होता आणि डावा हात नुसता सोबतीला आणत होता. लेग साइडला गेलेला चेंडू त्यानं एका हातानं उचलला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. पुष्करनं वाजवल्या नाहीत, कारण तो चेंडू दोन हातांचा होता.

मग ग्रेगनं ग्लव्ह काढले. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट एकत्र चिकटपट्टीनं बांधलेलं होतं. तसं सगळेच कीपर बांधतात. पण त्यानं पाण्याची बाटली दातांनी उघडली.

पुष्करचं काळीज धडधडायला लागलं. ती धडधड काळजीची नव्हती, आणि हे त्याला तिथल्या तिथे कळलं.

घरी वरदा नुकतीच ड्यूटीवरून आली होती. ती हॉस्पिटलात रेडिओग्राफर होती, दिवसभर लोकांची हाडंच बघायची. लग्न करून पुण्याहून आली त्याला आता सात वर्षं झाली होती.

"ग्रेगचा बोट मोडलाय," पुष्कर म्हणाला.

"मोडलंय. बोट ते," वरदा सवयीनं म्हणाली. पुष्कर वॉटफर्डलाच जन्मलेला. त्याच्या मराठीत वस्तू वाटेल तेव्हा पुरुष व्हायच्या नाहीतर बायका. "कुणी सांगितलं तुला?"

"कुणी नाही. मी बघितलं. तो लपवतोय. त्याचं कॉन्ट्रॅक्ट सप्टेंबरला संपतंय, म्हणून."

वरदानं कुकर लावला आणि वळून त्याच्याकडे नीट बघितलं. "मग? त्याची काळजी वाटतेय का तुला त्याची जागा हवीय?"

"दोन्ही."

"पुष्कर."

त्यानं बूट काढून दाराशी ठेवले. मग म्हणाला, "जागा."

"ठीक आहे, निदान खरं बोललास. तसल्या बोटावर पुन्हा चेंडू बसला तर जॉइंट जाईल त्याचा, म्हणजे सांगायला तर हवंच. पण आधी त्याला सांग. म्हणावं, मी ओळखलंय, तू डॉक्टरला दाखव. त्याचं त्यानं ठरवू दे."

"आणि त्यानं नाही दाखवलं तर?"

"तर मग पुढचं बघू. पण त्याच्या पाठीमागून जाऊ नकोस. ते तुला पचणार नाही, मी ओळखते तुला."

पुष्कर हो म्हणाला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो मैदानावर गेला. ग्रेग पार्किंगमध्येच भेटला, गाडीच्या डिकीतून उजव्या हातानं बॅग काढत होता. "हॅलो पुश, आई कशी आहे?" त्यानं विचारलं. पुष्कर म्हणाला, छान आहे. दोघं दारापर्यंत बरोबर चालत गेले. ते जेमतेम पन्नास पावलांचं अंतर होतं आणि पुष्करला सांगायला तेवढं पुरेसं होतं. त्यानं हवामानाबद्दल काहीतरी म्हटलं. ग्रेग ड्रेसिंग रूमकडे वळला आणि पुष्कर जिना चढून माल्कमच्या ऑफिसात गेला.

माल्कम दोन्ही संघांचा मुख्य कोच होता. पुष्करनं दार लावून घेतलं. "मला हे सांगताना फार अवघड जातंय," त्यानं सुरुवात केली. अवघड अजिबात जात नव्हतं, शब्द भराभर येत होते. ग्रेग माझा जुना मित्र आहे, त्याच्या भल्यासाठीच बोलतोय, त्याला कळू देऊ नका. माल्कमनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "हे बोलायला हिंमत लागते, पुष्कर." पुष्कर जिना उतरला तेव्हा त्याला स्वतःचीच किळस आली होती आणि भूकही कडकडून लागली होती.

दुपारपर्यंत एक्स-रे झाला. करंगळी दोन ठिकाणी मोडलेली, तीन आठवडे जुनं फ्रॅक्चर. ऑपरेशन करून त्यात धातूची बारीक पट्टी बसवावी लागणार होती. ग्रेग दहा आठवडे बाहेर.

गुरुवारी सकाळी पुष्करला फोन आला. त्यानं वडिलांना फोन केला. डॉक्टरसाहेबांनी पलीकडून एवढंच विचारलं, "पाऊस नाहीये ना रे?"

पाऊस नव्हता. चार दिवसांचा सामना, घरचंच मैदान, स्टँडमध्ये हजारभर माणसं. पुष्करला पहिल्या संघाची कॅप मिळाली. ज्या जागेकडे तो इतकी वर्षं खालून बघत होता, त्या जागेवर तो जाऊन बसला. पहिलाच चेंडू हातात आला तो आवाज न करता. पहिल्या दिवशी त्यानं तीन कॅच घेतले, एकही चेंडू सुटला नाही.

तरी सुख लागेना. वेगवान गोलंदाज धावत येताना मागे वळून विचारायचा, "एक पाऊल मागे जातोस का? ग्रेग जायचा." स्लिपमधला कॅप्टन बोलता बोलता त्याला दोनदा ग्रेग म्हणाला. लंचला खुर्ची ओढली तर कुणीतरी म्हणालं, "ती ग्रेगची," आणि लगेच, "नाही नाही, बस तू." ग्रेग मैदानात नव्हता, तरी सगळीकडे तोच होता. आणि खराखुरा ग्रेग वर बाल्कनीत हाताला स्प्लिंट लावून बसला होता, प्रत्येक ओव्हर बघत.

तिसऱ्या दिवशी अडचण सुरू झाली. संघाचा फिरकी गोलंदाज रीस हा पॅव्हेलियनच्या टोकाकडून टाकत होता आणि पुष्कर स्टंपांना चिकटून उभा होता. रीसचा एक चेंडू टप्पा पडल्यावर लेगकडे निसटायचा. पुष्करचे हात तिथे पोचायचे, पण एक पळभर उशिरा. लंचच्या आधी दोनदा चेंडू सुटून चार-चार बाईज गेल्या. इतक्या वर्षांत फिरकीवर त्याच्या हातून असं झालं नव्हतं.

लंचला तो हात धूत असताना ग्रेग शेजारच्या बेसिनपाशी येऊन उभा राहिला. आज त्यानं आईची चौकशी केली नाही. "त्या टोकाकडून मैदान लेगच्या बाजूला उतरतं," तो आरशात बघत म्हणाला. "डोळ्याला दिसत नाही, पण उतरतं. अर्धं पाऊल लेगकडे सरक."

"मी बघतो माझं," पुष्कर म्हणाला.

"बघ," ग्रेग म्हणाला आणि गेला.

पुष्कर अर्धं पाऊल सरकला नाही. हे शिकायला त्याला या मैदानावर दहा वर्षं मिळायला हवी होती, ती ग्रेगला मिळाली होती. आता ग्रेगनं ती दानधर्म केल्यासारखी द्यायची आणि आपण घ्यायची, हे त्याला सोसेना. लंचनंतर तो हट्टानं जुन्याच जागी उभा राहिला. दुसऱ्याच ओव्हरमध्ये पुन्हा चार बाईज गेल्या. रीसनं कमरेवर हात ठेवले. स्टँडमध्ये कुणीतरी हसलं. समोरचा फलंदाज ऐंशीवर पोचला होता, आणि तो टिकला तर सामना हातचा जाणार होता.

चौथ्या ओव्हरच्या आधी पुष्कर वाकून बुटाची लेस बांधत बसला. उठताना तो अर्धं पाऊल लेगकडे उभा होता.

त्याच ओव्हरचा पाचवा चेंडू. फलंदाज पुढे आला, चेंडू टप्पा पडून लेगला निसटला, बॅट त्याच्या वरून गेली. पुष्करचे हात आधीच तिथे होते. चेंडूचा आवाज झाला नाही, आवाज झाला तो बेल्स उडाल्याचा. अंपायरचं बोट वर जायच्या आधीच फलंदाज चालायला लागला होता. सगळा संघ धावत येऊन पुष्करच्या अंगावर पडला. स्टँडमध्ये डॉ. शशिकांत दळवी पेपर खाली टाकून उभे राहिले होते आणि शेजारच्या अनोळखी गोऱ्या माणसाशी हात मिळवत होते.

पुष्करनं बाल्कनीकडे बघितलं. ग्रेग टाळ्या वाजवत नव्हता. एका हातानं वाजवणार तरी कशा. त्यानं फक्त मान हलवली, शिकवणाऱ्यानं हलवावी तशी. आयुष्यातल्या सगळ्यात चांगल्या क्षणी पुष्करला परत तेच वाटलं, तेच करपलेलं. हा क्षणसुद्धा त्याचाच.

सामना जिंकला. खेळ संपल्यावर ग्रेग पार्किंगमध्ये गाडीपाशी किल्ली चाचपत होता. पुष्कर त्याच्याकडे गेला. काय बोलायचं हे त्यानं ठरवलं नव्हतं.

"माल्कमला मी सांगितलं," तो म्हणाला. "बोटाचं."

"माहितेय," ग्रेग म्हणाला. "त्यानं त्याच दिवशी सांगितलं, एक्स-रेला नेताना. त्याला वाटतं तू माझ्यावर उपकार केलेस."

"म्हणजे काल लंचला तू मला जे सांगितलंस..."

"तेव्हाही माहीत होतं."

"मग का सांगितलंस?"

ग्रेगला किल्ली सापडली. त्याचा चेहरा दमलेला होता आणि पुष्करनं कधी न पाहिलेल्या रागानं आवळलेला होता. "तू चुकीच्या जागी उभा होतास. सकाळभर बघत होतो. मला बघवेना." त्यानं गाडीचं दार उघडलं. "मला येऊन सांगितलं असतंस तर मी तुला शिव्या दिल्या असत्या, आणि मग गेलो असतो डॉक्टरकडे. पन्नास पावलं चाललास माझ्याबरोबर, पुश. हवामानाबद्दल बोललास."

"मला तुझी जागा हवी होती."

"ते तर मला पंधराव्या वर्षापासून माहितेय," ग्रेग म्हणाला. "मलाही तुझे हात हवे होते. पण मी ते कापायला गेलो नाही." आणि तो निघून गेला. त्यानंतर तो पुष्करशी बोलायचा, पण चारचौघांत आणि कामापुरतं. बेसिनपाशी परत कधी आला नाही.

पुष्कर त्या उन्हाळ्यात पाच सामने खेळला. सतरा कॅच, दोन स्टंपिंग, फलंदाजीत एक अर्धशतक. वरदानं सगळं ऐकून घेतलं होतं. 'मी म्हटलं होतं' असं ती एकदाही म्हणाली नाही, आणि हे पुष्करला जास्त लागलं.

सप्टेंबरात माल्कमनं दोघांनाही एकाच दिवशी बोलावलं, अर्ध्या तासाच्या अंतरानं. ग्रेगच्या सर्जननं लिहून दिलं होतं, की त्या बोटावर आणखी एक चेंडू बसला असता तर ते कायमचं गेलं असतं. वेळेवर कळलं म्हणून वाचलं. बोट पूर्ण बरं होणार होतं, आणि काउंटीनं ग्रेगला आणखी दोन वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट दिलं. पुष्करला माल्कम म्हणाला, की दुसऱ्या संघात आता वीस-बावीस वर्षांचा कीपर हवा आहे, तू आमच्यासाठी खूप केलंस. निरोपाची भेट म्हणून त्यांनी त्याला त्याचीच कॅप काचेच्या फ्रेममध्ये घालून दिली.

ग्रेगची कारकीर्द आपण वाचवली, तीही त्याला बुडवायला जाऊन, हे पुष्करला गाडी चालवताना कळलं. त्याला हसू आलं, आणि मग वॉटफर्डपर्यंत तो रडत आला.

ऑक्टोबरपासून तो तिथल्याच एका शाळेत खेळाचा शिक्षक म्हणून लागला. काम त्याला आवडलं, हे त्याचं त्यालाच नवल वाटलं. स्कोअर बघायची सवय मात्र गेली नाही. सीझन संपलेला असल्यामुळे बघायला काही नव्हतं, तरी बोट मोबाइलवर त्याच जागी जायचं.

नोव्हेंबरात मराठी मंडळाचं दिवाळीचं जेवण होतं. हॉलमध्ये डॉक्टरसाहेब जुने मित्र राजीव कर्णिक यांना ते स्टंपिंग सांगत होते. कर्णिक काका डेंटिस्ट होते, त्यांना क्रिकेट कळायचं. "आणि हा काय करतो," डॉक्टरसाहेब म्हणाले, "लेस बांधायच्या निमित्तानं खाली बसतो आणि उठताना अर्धं पाऊल सरकतो. कुणाला पत्ता नाही. मैदानाचा उतार यानं डोक्यात धरलेला."

कर्णिक काका पान घ्यायला उठले तसा पुष्कर वडिलांच्या जवळ सरकला. "बाबा, तो अर्धा पाऊल ग्रेगनं सांगितला होता मला. लंचला."

डॉक्टरसाहेबांनी चष्म्यातून त्याच्याकडे पाहिलं. "ग्रेगनं? त्याची जागा तू घेतली होतीस ना?"

"हो. आणि त्याला दुखलंय हे मीच माल्कमला सांगितलं होतं. ग्रेगला ते माहीत होतं."

वडिलांनी हातातली जिलेबी ताटात परत ठेवली. चाळीस वर्षं त्यांनी इंग्रज सर्जनांच्या ऑपरेशनांमध्ये रोग्याच्या डोक्याशी बसून भूल दिली होती, आणि आभार सर्जनला मिळताना पाहिले होते. ते म्हणाले, "मोठा माणूस आहे."

"म्हणूनच त्रास होतो," पुष्कर म्हणाला.

"मला कळतं रे," ते म्हणाले. "फार चांगलं कळतं."

तेवढ्यात कर्णिक काका परत आले. त्यांच्याबरोबर कॅमडेनहून आलेले कुणी पाहुणे होते. "हा बघा, यांचा मुलगा," काका म्हणाले. "शशिकांत, ते अर्ध्या पावलाचं सांग की यांना."

डॉक्टरसाहेबांनी पुष्करकडे बघितलं. सांगू का, आणि कसं सांगू, असं ते विचारत होते. पाहुणे खुर्ची ओढून बसले, उत्सुकतेनं पुढे झुकले. नाव घ्यायचं तर आत्ताच घ्यायचं होतं. चार अक्षरांचंसुद्धा नाव नव्हतं ते.

पुष्करनं जिलेबीचा तुकडा तोडला. "सांगा ना, बाबा," तो म्हणाला. "तुम्ही सांगता तसंच सांगा."